त्या जहाजावर डॉक्टर नव्हता

२५ जून १८७६
मिनेसोटा

चि. ग्रो,
आशीर्वाद.

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. हे तुझ्या बापाचं आहे. आठ वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. सगळी आईने लिहिली आणि खाली माझं नाव घातलं. आज तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत फडक्यात बांधलेले आहेत, म्हणून लेखणी माझ्याकडे आली. ती समोर बाकावर बसून सांगते आहे आणि मी लिहितो आहे. मध्येच म्हणाली, "नांगर धरल्यासारखी काय धरतोस ती? कागद फाटेल." हेही लिही म्हणते.

घाबरू नकोस, असं सगळ्यात आधी लिहायला सांगितलं आहे. हात बरे होतील.

झालं असं की टोळ पुन्हा आले. आले म्हणजे बाहेरून नाहीत, गेल्या वर्षी आमच्याच जमिनीत अंडी घालून गेले होते, त्यातून निघाले. पंख फुटलेले नसतात तेव्हा ते जमिनीवरून सरकतात. दुरून पाहिलं तर मातीच चालते आहे असं वाटतं. हा चौथा उन्हाळा. आम्ही गव्हाच्या कडेने पेंढ्याची रांग घातली आणि टोळ त्यात शिरले की पेटवायची असं ठरवलं. पेटवली. वारा फिरला. तेवढ्यात हेल्गे, तुझा धाकटा भाऊ, इथेच जन्मलेला, चार वर्षांचा, आईला हाक मारत त्या पेंढ्यातून पळत आला. तुझ्या आईने, आंब्योरने, त्याला ओढून काढला आणि त्याच्या अंगावरचा जाळ हातांनी विझवला. त्याच्या फक्त भुवया गेल्या. तो आता सगळ्यांना कपाळ दाखवत हिंडतो.

गहू गेला. कांदे जमिनीतून पोखरून खाल्ले, नुसती भोकं राहिली. फावड्याचा दांडा जिथे घामाने भिजतो तिथे कुरतडला आहे.

आई विचारते, पाय कसा आहे? थंडीत ठणकतो का? मामी लोकर देते का नीट? तूरी तुझी आठवण काढते. (खरं म्हणजे तुला तिकडे ठेवून निघालो तेव्हा तूरी दोन वर्षांची होती, तिला काय आठवणार. पण आई म्हणते, लिही.) यंदा पीक हाती आलं असतं तर तुझं तिकीट पाठवायचंच, असं आईने ठरवलं होतं. आणि ती म्हणते की मामाला सांग, तुला ड्रामेनला नेऊन एखाद्या चांगल्या डॉक्टरला पाय दाखव आणि त्याच्याकडून कागद लिहून घे, की ही मुलगी धडधाकट आहे. मग जहाजावरचा डॉक्टर पुन्हा नाही म्हणणार नाही. "त्या मेल्याने माझी पोर उतरवून घेतली," म्हणते. हेही लिहिलं.

आता ती गायीकडे गेली आहे. दूध तूरी काढते, पण आंब्योर शेजारी उभी राहून गायीशी बोलते, नाहीतर गाय पान्हा सोडत नाही.

मलाही माझं म्हणून काही लिहायचं होतं. पण ती परत येते आहे.

तुझा बाप,
हेर्ब्रांड


८ ऑक्टोबर १८७६

चि. ग्रो,

तुझं पत्र पोचलं. शेजारच्या आस्लेने गावातून आणलं आणि माझ्या हातात दिलं. वर आईचं नाव होतं, तरी मी फोडलं. गोठ्यामागे उभा राहून वाचलं.

तू लिहितेस, गुत्तोर्ममामाला ड्रामेनच्या लाकडाच्या वखारीत एक माणूस भेटला, आमच्या त्या जहाजाचा सुतार. बोलता बोलता तो म्हणाला की त्या जहाजावर डॉक्टर कधी नव्हताच, कुणाचा दात दुखला तरी त्यालाच पकड घेऊन जावं लागायचं. आणि तू आईला विचारतेस, "मग मला नको कोण म्हणालं?"

पोरी, हे पत्र मी आईला दाखवलेलं नाही. बियाण्याची रिकामी पेटी आहे, तिच्या तळाशी ठेवलं आहे. तिला सांगितलं, पत्र आलं नाही. ती म्हणाली, "रागावली असेल. रागावू दे. माझीच पोर आहे, राग पुरवून वापरेल."

डॉक्टर नव्हता हे खरं आहे. बंदरावरच्या कचेरीतला एक कारकून होता. त्याने तुझा पाय पाहिला आणि अशा मुलीला पलीकडे उतरू देत नाहीत असं म्हणाला. मी आईला डॉक्टर म्हणालो, कारण कारकून म्हटलं असतं तर ती त्याच्याशी भांडायला गेली असती आणि जहाज चुकलं असतं. एवढंच आहे. त्या माणसाचं नाव मला आठवत नाही.

तुला हात जोडून सांगतो, हे आईला लिहू नकोस. तिचे हात बरे झाले नाहीत. डाव्याचं जरा ठीक आहे, पण उजव्याची बोटं एकमेकांना चिकटूनच भरून आली. चमचा धरता येत नाही. तूरी भरवते तेव्हा आई स्वतःचीच चेष्टा करते, "बघा, राणीसाहेबांचं जेवण चाललंय." पण परवा मी पाहिलं, ती एकटी असताना सुई उचलायचा प्रयत्न करत होती. कितीतरी वेळ. मग तिने ती सुई पायाने जमिनीत दाबून टाकली.

तिच्याजवळ आता तुझ्या जुन्या पत्रांशिवाय काही नाही. ती त्यांवरून तूरीला आपली भाषा वाचायला शिकवते. तू पूर्वीसारखं लिही. कुरणातलं लिही, चीजचं लिही. मी सांगतो तेवढं कर.

बाबा


१८ फेब्रुवारी १८७७

ग्रो,

तुझ्या तीन ओळी मिळाल्या. "कारकुनाने माझा पाय पाहिला म्हणता. मी तिथेच होते. माझा पाय कुणीच पाहिला नाही. खरं लिहा, नाहीतर मी आस्लेच्या बायकोला पत्र घालीन आणि ती आईला वाचून दाखवील."

लिहितो. आधी दुसरं लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय हात पुढे जात नाही.

हेल्गे गेला. जानेवारीच्या अकरा तारखेला. घशाचा रोग होता. चार दिवसांत गेला. गावातला डॉक्टर वादळामुळे पोचू शकला नाही, आणि पोचला असता तरी काही झालं नसतं असं सगळे म्हणतात. कशासाठी म्हणतात कोण जाणे. शेवटच्या दिवशी आंब्योरने त्याला मांडीवर घेतलं होतं, पण त्याचं तोंड पुसायला तिला बोटं वाकवता येत नव्हती. ती मनगटाने पुसत होती.

जमीन दगडासारखी आहे. कुदळ उडते. म्हणून खोका केला आणि गोठ्याच्या आढ्याला बांधून ठेवला आहे, वर, कोल्ह्यांना पोचू नये असा. बर्फ वितळेपर्यंत तिथेच राहील. मी रोज सकाळी त्याखाली बसून दूध काढतो. तूरी आता गोठ्यात जात नाही.

आता तुझं.

निघायच्या आदल्या रात्री ड्रामेनच्या बंदरावर खाणावळीत आमच्या बाकावर एक माणूस बसला होता. कुठल्या खोऱ्यातला, तेही मला माहीत नाही. प्यायलेला होता. तो म्हणाला, पलीकडे बंदरावर लंगडं-पांगळं माणूस दिसलं तर एकट्याला नाही, सगळ्या कुटुंबालाच परत पाठवतात. त्याच्या गावच्या कुणाचं तसं झालं होतं म्हणे. ग्रो, मी घर विकलं होतं, गाय विकली होती, खाटासुद्धा विकल्या होत्या. मागे जायला माझ्याकडे काही नव्हतं. मी दुसऱ्या कुणालाही विचारलं नाही. कप्तानाला विचारता आलं असतं. बंदरावर पाद्री होता, त्याला विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण कुणी "हे खोटं आहे" म्हणालं असतं तरी माझी भीती गेली नसती, आणि कुणी "खरं आहे" म्हणालं असतं तर आंब्योरने जायलाच नकार दिला असता.

सकाळी आई तूरीला घेऊन जहाजात खाली झोपायच्या जागेकडे गेली, तूरीला ताप होता. तू धक्क्यावर मामाजवळ होतीस. मी जहाजावरून उतरून आलो आणि गुत्तोर्मला म्हणालो की डॉक्टरने ग्रोला नको म्हटलं, पुढच्या वसंतात बोलावून घेईन. तो बिचारा तुझ्या डोक्यावर हात ठेवून रडला. तुला मी म्हणालो, मामाजवळ बस, आलोच. आंब्योरला मी सांगितलं ते शिडं चढल्यावर. ती वर धावली. दोन बायकांनी तिला धरून ठेवलं. ती विचारत होती, "कुठला डॉक्टर? दाखव मला." मी म्हणालो, दाढीवाला होता, तो उतरून गेला.

सात आठवड्यांनी पलीकडे क्वेबेकच्या बंदरात उतरलो. तिथे खरा डॉक्टर होता. त्याने सगळ्यांची जीभ पाहिली आणि जा म्हणाला. रांगेत माझ्या पुढे एक प्रवासी होता, एका पायाचा. कुबडीवर खट्‌खट् करत फळीवरून उतरला आणि निघून गेला. त्याला कुणी हटकलं नाही. म्हणजे सात आठवड्यांतच मला कळलं होतं.

तू विचारलेलं नाहीस, पण विचारशील, की मग पुढच्या वसंतात का नाही बोलावलं. आईला मी दर वर्षी एक कारण दिलं. आधी दुसऱ्याच्या शेतावर राबत होतो, मग स्वतःची जमीन घेतली, मग टोळ. कारणं खोटी नव्हती. पण आस्लेची बहीण त्याच वर्षांत आली, त्याचे तीन पुतणे आले. तू आली असतीस, नीट उतरली असतीस, तुला कुणी अडवलं नसतं, आणि मग आंब्योरने माझ्याकडे पाहिलं असतं. म्हणून नाही बोलावलं. तू येऊ नयेस असं नव्हतं. तू सुखरूप येऊ नयेस, असं होतं. हे लिहिल्यावर पुढे काय लिहायचं असतं ते मला माहीत नाही.

आईला मी स्वतः सांगेन. हेल्गेला मातीत ठेवू दे, मग सांगेन.

हेर्ब्रांड


२० मे १८७७

ग्रो,

हेल्गेला एप्रिलच्या शेवटी पुरलं. तरी मी आईला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू असं करत पेरणीवर आलो.

मग आस्लेची आई आली. सत्तर वर्षांची, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. नातवाचा हात धरून तिकडच्या गावाहून इथवर आली. रविवारी सगळे तिला भेटायला गेलो. म्हातारी मजेशीर आहे. म्हणाली, "समुद्र समुद्र म्हणून लोक घाबरवतात. मी तर पाहिलासुद्धा नाही."

सगळे हसले. आंब्योर हसली नाही. तिने विचारलं, "उतरताना तुम्हाला अडवलं नाही कुणी?"

"मला? कशाला गं?"

"डोळ्यांसाठी."

"अगं, त्या साहेबाने माझ्याच पिशव्या उचलून दिल्या."

परत येताना दोन मैल आंब्योर माझ्या पुढे चालत राहिली. घरी आल्यावर कपड्यांचा टब मध्ये होता, तिकडे ती, इकडे मी. तूरी चुलीपाशी.

ती म्हणाली, "हेर्ब्रांड, तो डॉक्टर किती उंच होता?"

मला तेव्हाही खोटं बोलता आलं असतं. उंची सांगायची, एवढंच होतं. मी गेलो, पेटीतून तुझी दोन्ही पत्रं काढली आणि टेबलावर ठेवली. तिला ती उघडता येईनात. तूरीने उघडली आणि वाचली, एकेक अक्षर लावत, जसं आंब्योरने शिकवलं तसं. "मग मला नको कोण म्हणालं?" इथे तूरी थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "मी."

आंब्योर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. बसली. म्हणाली, "नऊ वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या. पीठ मळताना, पाणी आणताना, हेल्गेच्या वेळी कळा येत होत्या तेव्हासुद्धा. दाढीवाल्या, तुझं वाटोळं होवो. आणि तू शेजारी बसून ऐकत होतास."

"हो."

"एकदा तर तूसुद्धा घातलीस."

घातली होती. मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं ते असं. या शरद ऋतूत सरकारकडून घेतलेली जमीन कसायला लागून पाच वर्षं होतात, ती आपल्या नावावर होते. तिने म्हटलं, "ती नको मला. आस्ले कधीपासून मागतोय, त्याला हक्क सोडून दे, बैलही दे. तो देईल ते घे आणि जा. ग्रोसमोर उभा राहा. ती विचारेल ते सांग. ती थुंकली तर पुसू नकोस. ती येते म्हणाली तर घेऊन ये. ती नाही म्हणाली तर..." मग म्हणाली, "तर मला कळव. पण तू एकटा या दारात येऊ नकोस."

आस्ले भला आहे. तो म्हणतो, आंब्योर आणि तूरी याच घरात राहतील, त्याच्या बायकोला मदत करतील. मी अजून एकदा म्हटलं, पीक निघेपर्यंत थांबू का? तूरी म्हणाली, "बाबा, आता तरी जा ना."

जुलैत निघेन. मामाला सांगायचं की नाही ते तू ठरव.

हेर्ब्रांड


२ सप्टेंबर १८७७
हालिंगदाल, गिरणीवाल्याच्या घरून

ग्रो,

मी इथे आपल्या खोऱ्यात आलो आहे. तुझ्यापासून दोन तासांच्या चढावर.

काल मामाच्या फाटकापर्यंत आलो होतो. गुत्तोर्म कुंपणाला टेकून उभा होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "एकटाच? डॉक्टर नाही आणलास बरोबर?" तो म्हणाला, "नऊ वर्षं ही पोरगी माझ्या घरात आहे. पहिले दोन महिने ती उंबऱ्यावर झोपायची, तू आलास तर कळावं म्हणून. आत आलास तर मी तुला मारीन, आणि मला आता या वयात मारामारी झेपत नाही. जा." मी परत फिरलो.

त्याने एवढं सांगितलं की तू वर कुरणात आहेस, जनावरांबरोबर, आणि खाली यायला अजून आठवडा आहे. वाट मला माहीत आहे, लहानपणी मीच तिथे गायी नेत असे. पण मी वर येणार नाही. तुझ्या दारात तुला कोपऱ्यात पकडल्यासारखं होईल ते.

गिरणीवाल्याकडे पोती वाहायचं काम मिळालं आहे. रविवारी चर्च सुटल्यावर मी बाहेरच्या दगडी भिंतीपाशी उभा राहीन. या रविवारी, पुढच्या, त्याच्या पुढच्याही. तू आली नाहीस तरी उभा राहीन. लोक ओळखतात, कुजबुजतात. कुजबुजू देत.

आईने तुझ्यासाठी काही पाठवलेलं नाही. काय पाठवू, म्हणाली. तूरीने आईच्या हाताचा कागदावर ठसा काढून दिला आहे, डाव्या हाताचा, चुलीची काजळी लावून. तो माझ्याजवळ आहे. गिरणीवाल्याच्या मुलीकडून या पत्रासोबत वर पाठवतो आहे.

हेर्ब्रांड


१४ ऑक्टोबर १८७७
हालिंगदाल

आंब्योर,

हे पत्र तुझ्या हातात टपालवाला देणार नाही.

दुसऱ्या रविवारी ती आली. चर्चमधून नाही, वरून सरळ, पाठीवर चीजची पेटी घेऊन. माझ्यासमोर येऊन थांबली.

"तुम्ही हेर्ब्रांड का?"

"हो."

"मला उंच वाटला होतात."

आवाज तुझा आहे, आंब्योर. माझ्या हातातली टोपी खाली पडली आणि उचलताना पुन्हा पडली.

ती बसली नाही. म्हणाली, "सांगा. पत्रात वाचलंय, पण तोंडाने सांगा." मी सांगितलं. ती ऐकून निघून गेली. पुढच्या रविवारी पुन्हा आली आणि म्हणाली, "परत सांगा, पहिल्यापासून." तेही सांगितलं. त्याच्याही पुढच्या रविवारी मी सांगायला लागलो तेव्हा तिने मध्येच थांबवलं.

"जहाजावर चढताना मागे वळून पाहिलंत?"

"नाही."

"मी हात केला होता."

ती म्हणाली, "पुष्कळ वेळ केला होता. मामा म्हणाले, पुरे आता, दुखेल."

मग ती भिंतीवर बसली. पहिल्यांदाच. तुझ्या हातांबद्दल विचारलं, कुठलं बोट हलतं, कुठलं नाही. तूरीबद्दल विचारलं. हेल्गेबद्दल मी सांगत होतो तेव्हा तिने तो काजळीचा कागद बाहेर काढला आणि त्यावर स्वतःचा पंजा ठेवून पाहिला. तिचा मोठा आहे. शेवटी म्हणाली, "मी जाईन. तुम्ही आलात म्हणून नाही. मला माझी आई हवी आहे म्हणून. पण तुमच्याबरोबर जाणार नाही. एका जहाजात नाही."

मी हो म्हणालो. तू सांगितलं होतंस, ती म्हणेल ते कर. मी दोघांच्या तिकिटांचे पैसे घेऊन आलो होतो. त्यातून तिचं काढलं, उरलेले तिच्या झग्याच्या अस्तरात मामीने शिवून दिले आहेत. ते तुमचे. इथल्या शाळामास्तरांची बहीण आणि तिचा नवरा निघाले आहेत, त्यांच्यासोबत ती येईल. ख्रिस्तियानियाच्या बंदरापर्यंत गुत्तोर्म पोचवणार आहे. बंदरावर मी येऊ नये, असं ती म्हणाली. मी जाणार नाही.

आता तिच्याबद्दल सांगतो. सहा रविवार आणि मधले काही दिवस, एवढंच मला मिळालं, तेवढ्यात जे कळलं ते. ती भराभर चालते. कुणी तिच्यासाठी पावलं हळू केली तर तिला ते कळतं आणि ती जास्त भराभर चालते, म्हणून तू आपल्या नेहमीच्या चालीने चाल. डाव्या कुशीवर झोपत नाही. तिच्या हातचं चीज सगळ्या खोऱ्यात नावाजलेलं आहे, आस्लेच्या गायीचं दूध तिला पातळ वाटेल आणि ती तसं तोंडावर सांगेल. आस्लेच्या बायकोला आधीच कल्पना दे. तिला कॉफीत मलई लागते. गाताना कुणी पाहिलं तर थांबते. पाय ठणकला तर ती सांगणार नाही, ओठ आत घेईल, तेव्हा पाण्याची बादली तूरीने घ्यावी, तिच्याकडे न बघता. ती सहसा दुखतं म्हणत नाही.

टोळ उडून गेले आणि परत आलेच नाहीत असं तूरीने लिहिलं आहे. आपल्या, म्हणजे आस्लेच्या, शेतात गहू कंबरेएवढा झाला असंही लिहिलं आहे. मला त्याचं वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. थोडं वाटलं. खोटं नाही बोलत.

मी गिरणीवरच राहीन. हिवाळ्यात लाकूडतोडीला माणसं लागतात. मी यावं की नाही, ते आता तुम्ही तिघींनी ठरवायचं. घाई नाही. नाही असंच ठरलं तर तेही कळवा. तूरीच्या अक्षरात चालेल. बोलावलंत तर लाकूड वाहणाऱ्या जहाजावर खलाशाचं काम करत येईन, कसंही येईन, आणि गोठ्यात झोपेन. हेल्गेच्या जागेवर दगड आणून ठेवायचा राहिला आहे. आस्लेला सांग, ओढ्याच्या वळणावर एक सपाट आहे.

हे पत्र मी बंद करत नाही. ग्रोला म्हणालो, वाट लांब आहे, वाच आणि मग दे. ती म्हणाली, "वाटेत कशाला, आत्ताच वाचते." वाचते आहे. बाहेर गुत्तोर्मची गाडी उभी आहे आणि तो घोड्यावर ओरडतो आहे, म्हणजे माझ्यावरच. तिने लेखणी मागितली आहे.

हेर्ब्रांड

आई,
यांनी लिहिलंय की मी दुखतं म्हणत नाही. यांना काय माहीत. दुखतं. खूप दुखतं. आल्यावर सांगते.
ग्रो